शास्त्रीय व्यवस्थापनावरचे आक्षेप : टेलरचे घड्याळ आणि मुंबईच्या गिरण्या

शास्त्रीय व्यवस्थापन म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचे तर असे : कामाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा, त्यावरून ते काम करण्याची सर्वांत चांगली एकच पद्धत ठरवायची आणि कामगाराने ती पाळावी म्हणून त्याची मजुरी उत्पादनाशी जोडायची. फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) या अमेरिकी अभियंत्याने ही पद्धत मांडली. आपल्याकडे बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना टेलर भेटतो तो ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ या विषयात. तिथे त्याची तंत्रे पाठ होतात. आक्षेपांची मात्र बहुधा यादीच होते. कामगारांचे शोषण, यांत्रिकपणा, जास्त खर्च, संपले.

हे आक्षेप कुणी वर्गात बसून काढलेले नाहीत. त्यांतले बरेचसे कारखान्यांच्या दारात, संपाच्या काळात मांडले गेले, आणि त्यांतला एक मोठा संप मुंबईत झाला. म्हणून या लेखात टेलरची ओळख थोडक्यात करून घेऊ आणि मुंबईच्या गिरण्यांपाशी जास्त वेळ थांबू.

टेलरचे म्हणणे

टेलर १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात कामाला लागला आणि कामगारापासून मुख्य अभियंत्यापर्यंत चढत गेला. कामगार मुद्दाम हळू काम करतात, हे त्याने आतून पाहिले होते. त्याचे कारणही त्याला नेमके कळले होते. नगावर मजुरी असलेला कामगार जास्त नग काढू लागला की मालक नगाचा दर कमी करतो. मग शहाणा कामगार जास्त नग काढतोच कशाला? टेलरचा उपाय असा की दिवसाचे ‘योग्य काम’ किती, हे ना मालकाने ठरवावे ना कामगाराने. ते मोजमापाने ठरावे, आणि एकदा ठरलेला दर मालकाने पुन्हा कापू नये.

१९११ मध्ये त्याचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे पुस्तक आले. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण बेथलेहेम पोलाद कारखान्यातले आहे. तिथे सुमारे ४२ किलोची एकेक लोखंडी लगड उचलून रेल्वेच्या डब्यात भरायची असे. एक मजूर दिवसाला साडेबारा टन माल भरत असे. टेलरने ‘श्मिट’ नावाचा एक मजूर निवडला, कधी उचलायचे, कधी चालायचे, कधी बसायचे हे त्याला सांगणारा माणूस शेजारी उभा केला, आणि श्मिट दिवसाला साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली.

हिशेब सोपा आहे. काम जवळजवळ चौपट, मजुरी सुमारे साठ टक्के जास्त. टेलरने हा हिशेब लपवला नाही, उलट त्याचे समर्थन केले. फायद्याचा मोठा भाग स्वस्त मालाच्या रूपाने शेवटी ग्राहकाला मिळतो, असे तो म्हणे. आणि मजुराला एकदम फार पैसे मिळाले तर तो बिघडतो, अशीही पुस्ती जोडे. याच पुस्तकात त्याने लगडी उचलणाऱ्या माणसाच्या बुद्धीची तुलना बैलाशी केली आहे. त्याच्या टीकाकारांना वेगळे काही शोधावे लागले नाही.

पुढे १९७४ मध्ये चार्ल्स रेगे आणि अमेडिओ पेरोनी या अभ्यासकांनी बेथलेहेमची मूळ कागदपत्रे तपासली. श्मिट हा हेन्री नोल नावाचा खरा मजूर होता, पण टेलरने सांगितलेल्या कथेतल्या बऱ्याच गोष्टी कागदपत्रांशी जुळत नव्हत्या. शास्त्र म्हणून पुढे ठेवलेला मुख्य पुरावाच सजवलेला निघाला.

घड्याळ किती शास्त्रीय?

ऑगस्ट १९११ मध्ये, टेलरचे पुस्तक आले त्याच वर्षी, वॉटरटाउन इथल्या अमेरिकी लष्कराच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात साचेकाम करणाऱ्या कामगारांवर घड्याळ लावले गेले आणि ते काम सोडून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेले, समिती बसली, टेलरची साक्ष झाली. पुढे १९१५ पासून संसदेने लष्करी खर्चाला मंजुरी देतानाच अट घातली, की या पैशातून स्टॉपवॉच लावून कामगारांची वेळ मोजायची नाही. ही बंदी १९४९ पर्यंत टिकली.

मोजण्याला एवढा विरोध कशासाठी? त्यासाठी कालमापन प्रत्यक्षात कसे होते ते पाहायला हवे. निरीक्षक कामगाराचे काम अनेकदा मोजतो आणि सरासरी काढतो. समजा एका नगाला ४० सेकंद लागले. पण हा कामगार इतरांपेक्षा चपळ आहे, असे निरीक्षकाला वाटते. मग तो त्याच्या वेगाला १२० गुण देतो, म्हणजे साधारण कामगाराला ४८ सेकंद लागतील असे धरतो. त्यात थकवा, पाणी पिणे, लघवीला जाणे यांसाठी साडेबारा टक्के सूट मिळवली की ५४ सेकंद होतात. आठ तासांत ५३३ नग.

आता तोच कामगार, तेच घड्याळ, तेच ४० सेकंद. पण दुसऱ्या निरीक्षकाला त्याचा वेग साधारणच वाटला आणि त्याने १०० गुण दिले. प्रमाणवेळ ४५ सेकंदांवर येते आणि दिवसाचे काम ६४० नग होते. १०७ नगांचा हा फरक घड्याळातून आलेला नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यातून आला. विश्रांतीची सूट साडेबारा टक्केच का, वीस का नाही, यालाही घड्याळाकडे उत्तर नसते.

शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉक्सी यांनी ही पद्धत वापरणारे तीसहून अधिक कारखाने पाहून १९१५ मध्ये जो अहवाल दिला, त्यात हाच मुद्दा आहे. कुणाला मोजायचे, किती वेळा मोजायचे, किती सूट धरायची, ही प्रत्येक पायरी कुणाच्या तरी निर्णयावर उभी असते. कामगारांनी घासाघीस करायची जागा इथेच आहे. पण आकडा दशांशात छापून आला की त्यावर बोलायची सोयच उरत नाही.

मुंबई, १९२८

मुंबईच्या कापड गिरण्या पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर थोडी वर्षे उत्तम चालल्या. मग जपानी मालाशी स्पर्धा सुरू झाली आणि नफा घसरला. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. त्यावर मोठा संप झाला, आणि सरकारने कापडावरचा अबकारी कर उठवल्यावर कपात मागे घेतली गेली. थेट कपात अंगलट येते हे मालकांना कळले होते. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाच्या अहवालाने कार्यक्षमता वाढवण्यावर भर दिला, आणि मालकांना नवा शब्द मिळाला.

ससून समूहाच्या गिरण्या, फिनले आणि कोहिनूर या गिरण्यांनी १९२७-२८ च्या सुमारास ‘एफिशियन्सी’ पद्धत आणली. विणकर दोन माग चालवत असे, त्याने आता तीन चालवायचे. सूतकताईच्या खात्यात, ज्याला गिरणीत त्रासनखाते म्हणत, एक माणूस यंत्राची एक बाजू पाहत असे, त्याने दोन्ही बाजू पाहायच्या. पगार वाढणार होता, पण काम वाढेल त्या प्रमाणात नाही.

सहा मागांना पूर्वी तीन विणकर लागत, आता दोन पुरणार. म्हणजे विणकरांतला दर तिसरा माणूस जादा. त्रासनखात्यात तर दोनातला एक जादा. गिरणगावातला बहुतेक कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेला, दहा बाय दहाच्या खोलीत गाववाल्यांबरोबर राहणारा, गावाकडे दर महिन्याला मनीऑर्डर करणारा. या खोलीतला तिसरा म्हणजे बहुतेक वेळा आपलाच चुलतभाऊ असे.

जानेवारी १९२८ पासून सुटे संप सुरू झाले, आणि एप्रिलमध्ये त्यांचा सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. याच काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, एस. एस. मिरजकर हे तिचे पुढारी, आणि अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार. ना. म. जोशी यांची जुनी, मवाळ युनियनही संप समितीत आली. सतरा मागण्यांची यादी झाली. ऑक्टोबरमध्ये संप मिटला तो एका तोडग्यावर : मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमायची.

कामगारांचे म्हणणे ‘तीन माग जमत नाहीत’ एवढेच नव्हते. ते टेलरच्या मांडणीतल्या मर्मावर बोट ठेवणारे होते. मालक सांगत, लँकेशायरचा विणकर चार माग चालवतो, जपानात त्याहून जास्त. त्यावर कामगारांचे उत्तर असे की तिथले सूत बघा आणि इथले बघा. विणकराचे श्रम मागांच्या संख्येवर ठरत नाहीत. सूत किती वेळा तुटते यावर ठरतात. तुटले की माग थांबवा, टोक शोधा, सांधा, पुन्हा चालू करा. हलका कापूस मिसळून काढलेले सूत जास्त तुटते, जुना माग जास्त अडतो, हवेत पुरेसा ओलावा नसला की तुटणे आणखी वाढते. अशा दोन मागांवर माणसाला जेवढी धावपळ करावी लागते, तेवढी चांगल्या सुताच्या चार मागांवरही लागत नाही. कापूस कोणता घ्यायचा, यंत्र कधी बदलायचे, हवा कशी ठेवायची, हे सगळे मालकाच्या हातात. आणि कार्यक्षमता मात्र कामगाराची मोजायची!

इथे टेलरलाही न्याय द्यायला हवा. त्याने स्वतः धातू कापण्याच्या हत्यारांवर पंचवीसेक वर्षे प्रयोग केले होते. आधी हत्यार, यंत्र, माल नीट करा, मग माणसाकडे या, असा त्याचा क्रम होता. मुंबईत पहिला अर्धा भाग बहुतांशी गळाला, कारण त्याला भांडवल लागत होते, आणि दुसरा अर्धा भाग तेवढा उचलला गेला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरण्यांवरच्या १९९४ च्या ग्रंथात दाखवले आहे, की बाजार सतत वरखाली होत असताना यंत्रांत पैसा गुंतवण्यापेक्षा स्वस्त आणि हवे तेव्हा कमी-जास्त करता येणारे मनुष्यबळ वापरणे मालकांना परवडत होते. म्हणजे अडाणीपणामुळे शास्त्र अर्धवट राहिले असे नाही. अर्धवट शास्त्रच फायद्याचे होते.

फॉसेट समितीचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला. तिने एफिशियन्सी पद्धत तत्त्वतः योग्य मानली, पण ती राबवताना कामाची परिस्थिती नीट असावी, हेही मान्य केले. तत्त्व मालकांना मिळाले, अट कामगारांना. त्याच महिन्यात मीरत खटल्यासाठी डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, आळवे यांना अटक झाली. पुढचा सार्वत्रिक संप एप्रिलमध्ये सुरू झाला आणि फसला.

हाच मुद्दा कापसाच्या रानात

कच्च्या मालाचा हा मुद्दा समजून घ्यायला गिरणीतच जायला हवे असे नाही. ज्या कापसाचे सूत होते, त्याच्या वेचणीतही तो दिसतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारच्या परिसरात सोयाबीन आणि हळदीबरोबर कापूस असतो. वेचणी बहुधा बायका करतात आणि मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी काट्यावर गाठोडे ठेवायचे, वजन करायचे, तेवढे पैसे. टेलरला आवडावी अशी सरळ पद्धत : जितके काम, तितका दाम.

पण पहिल्या वेचणीला बोंडे भरलेली आणि फुटलेली असतात, हात भराभर चालतो. शेवटच्या वेचणीला, फरदडीच्या कापसात, बोंडे बारकी, अर्धवट फुटलेली आणि विरळ. समजा पहिल्या वेचणीत एका बाईने तीस किलो वेचला आणि शेवटच्या वेचणीत तिचाच दिवस दहा किलोंवर आला. ऊन तेच, वाकणे तेच, बोटांना टोचणारी बोंडे उलट जास्त. वीस किलो कमी झाले ते झाडामुळे, तिच्या आळसामुळे नाही. गावात हे सगळ्यांना माहीत असते. म्हणून शेवटच्या वेचण्यांना किलोचा दर वाढवून मागितला जातो, नाहीतर बायका रोजंदारीवरच येऊ म्हणतात, आणि शेतकऱ्यालाही ते पटते. वेचणी नुसती किलोवर असली आणि बाई घाई करू लागली की कापसात पत्ती आणि कवडी येते. मग तीच पत्ती शेतकऱ्याला बाजारात भाव पाडून भेटते. वजनाच्या काट्याला पत्तीही किलोतच दिसते.

१९२८ मध्ये विणकर जे म्हणत होते ते हेच. फरक इतकाच की रानात शेतकरी आणि मजूर दोघेही तेच झाड पाहत असतात. गिरणीत कापूस विकत घेणारा एका इमारतीत आणि सूत सांधणारा दुसऱ्या इमारतीत.

‘शास्त्रीय निवड’ कोण करते?

योग्य कामासाठी योग्य माणूस शास्त्रीय पद्धतीने निवडावा, हे टेलरचे आणखी एक तत्त्व. मुंबईच्या गिरणीत माणूस निवडायचा तो जॉबर. भरती त्याच्या हातात, बदली कामगाराला आज काम द्यायचे की परत पाठवायचे हे त्याच्या हातात, आणि बऱ्याचदा कामगाराला कर्ज देणाराही तोच. काम टिकवायचे तर जॉबरची मर्जी आणि त्याचा हात ओला करणे दोन्ही लागे. एफिशियन्सी आली तेव्हा कुणाला जादा ठरवायचे, हेही याच व्यवस्थेतून ठरणार होते.

त्याहून मोठी गोष्ट जातीची. विणाईच्या खात्यात मजुरी चांगली असे, पण अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना तिथे घेत नसत. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि महाराने तोंड लावलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावणार नाही. दलित कामगार त्यामुळे कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यात अडकून पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणाई खाते सगळ्यांना खुले करण्याची मागणी यादीत घालायला लावली. पुढाऱ्यांनी ती फारशा उत्साहाने उचलली नव्हती. १९३८ मध्ये मनमाडच्या दलित रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांच्या एकजुटीविषयी बोलताना गिरणीतल्या याच बंदीचा दाखला दिला.

शास्त्रीय व्यवस्थापनावरच्या परदेशी पुस्तकांत हा आक्षेप सापडत नाही. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टेलरची पद्धत कामगाराला एकटा माणूस समजते : त्याचे हात, त्याचा वेग, त्याची मजुरी. तो कुणाच्या ओळखीने आत आला, कोणत्या खात्याचे दार त्याला बंद आहे, हे तिच्या तक्त्यात कुठेच येत नाही. त्यामुळे आधीची विषमता मोजमापातून निघून जात नाही, तिच्यावर आकड्याचा शिक्का बसतो. विणाई खात्यात पाऊलच न ठेवलेल्या कामगाराचे कौशल्य कमी भरते, यात नवल काय?

डोके एकाचे, हात दुसऱ्याचे

विचार करणे हे व्यवस्थापनाचे काम आणि सांगितलेले करणे हे कामगाराचे, अशी टेलरची स्पष्ट वाटणी होती. अमेरिकी लेखक हॅरी ब्रेव्हरमन हा स्वतः तांबटकाम शिकलेला कारागीर. त्याने १९७४ मधल्या ‘लेबर अँड मोनोपोली कॅपिटल’ या पुस्तकात या वाटणीलाच मूळ दोष मानले. कारागिराकडे असलेले ज्ञान काढून घेऊन ते कार्यालयातल्या कागदांवर नेले की कारागीर बदलता येण्याजोगा होतो आणि स्वस्तही, असे त्याचे म्हणणे. त्याच्यावर उलट टीकाही झाली. सगळीकडे कौशल्य कमीच होत गेले असे दिसत नाही, आणि कामगार इतके निमूटपणे मान तुकवतात असेही नाही.

त्याआधी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग (१९२४–१९३२) गाजले होते. माणूस फक्त पैशासाठी काम करत नाही, गटातले संबंध आणि आपल्याकडे कुणी लक्ष देते आहे ही भावना यांनाही महत्त्व असते, असा निष्कर्ष एल्टन मेयो यांनी त्यातून पुढे आणला. पाठ्यपुस्तकांत हॉथॉर्न म्हणजे टेलरवरचे उत्तर. हे उत्तर अर्धेच वाटते. कामगाराशी गोड बोला, त्याचे ऐकून घ्या, इथपर्यंत ते येते. तिसरा माग लावायचा की नाही, हे कोण ठरवणार, या प्रश्नाला हात लावत नाही.

तो प्रश्न आपल्या शेजारी अहमदाबादेत १९५३ मध्ये वेगळ्या रीतीने हाताळला गेला. कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले होते. २२४ मागांच्या एका विभागात २९ माणसे बारा प्रकारची कामे करत. प्रत्येक कामाची वेळ मोजून माणसे नेमलेली, म्हणजे पद्धत टेलरच्या वळणाची. तरी उत्पादन अपेक्षेएवढे होत नव्हते आणि खराब कापडाचे प्रमाण जास्त होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी सुचवले, की मागांचे लहान संच करा आणि प्रत्येक संचाची सगळी जबाबदारी एका छोट्या गटाला द्या. कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी ही कल्पना उचलली आणि गट आपणच पाडले. उत्पादन वाढले, खराबी कमी झाली. १९७० मध्ये एरिक मिलर यांनी पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा एका ठिकाणी ही रचना टिकून होती, इतर ठिकाणी जुनी पद्धत परत आली होती.

टेलर गेला नाही

एवढ्या टीकेनंतर ही पद्धत संपली असेल, असे वाटेल. तसे झाले नाही, आणि त्यामागे कारणे आहेत. फावड्याचा आकार मालाप्रमाणे बदलावा, जड कामात ठरावीक वेळाने विश्रांती द्यावी, शिकाऊ माणसाला नीट शिकवावे, या गोष्टी टेलर आणि गिलब्रेथ दांपत्य यांच्यामुळे कारखान्यांत आल्या. स्वतंत्र भारतातही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी १९५२ नंतर कापड आणि अभियांत्रिकी उद्योगांत कार्यमापनाचे धडे दिले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद आली. १९६३ मध्ये पवईला नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारी संस्था उभी राहिली, जी आता आयआयएम मुंबई आहे.

कारखान्याबाहेर तर टेलर जास्त जोरात आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीची मजुरी टनावर असते. ऊस आडवा पडला आहे की उभा, फड रस्त्यापासून किती आत आहे, गाडी वेळेवर येते की नाही, याचा भार बहुधा कोयत्यावरच पडतो. पुण्या-मुंबईत मोबाइलच्या ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्या मुलाच्या मागे निरीक्षक उभा नसतो, फोनच त्याची वेळ मोजतो. लिफ्ट बंद होती, हॉटेलात पदार्थ उशिरा मिळाला, हे त्याने कुणाला सांगायचे? वॉटरटाउनच्या साचेकामगारांना निदान घड्याळ हातात धरलेला माणूस समोर दिसत होता.

कामाच्या ठिकाणी कालमापन सुरू झाले तर काय विचारावे, हे वरच्या चर्चेतून निघते. कोणत्या कामगारावर मोजले, कोणत्या मालावर आणि कोणत्या यंत्रावर मोजले, वेगाला किती गुण दिले, विश्रांतीची सूट किती धरली, माल किंवा यंत्र बदलले तर पुन्हा मोजणार का, आणि वाचलेल्या पैशातला किती वाटा कामगाराला. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी सुसूत्रीकरणासाठी जी तत्त्वे मान्य केली, ती याच वळणाची होती : असलेल्या कामगारांची कपात नको, कामाचा बोजा तज्ज्ञांकडून तपासला जावा, फायदा न्याय्य रीतीने वाटला जावा. परिषदेचे ठराव कायद्याने बंधनकारक नसतात.

कायद्याने बंधनकारक आहे ती एक छोटी गोष्ट. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ आणि चौथ्या अनुसूचीप्रमाणे, कामगार कपात होण्याची शक्यता असलेले सुसूत्रीकरण किंवा यंत्र-तंत्रातला बदल करायचा असेल तर मालकाने कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ही तरतूद कलम ४० आणि तिसऱ्या अनुसूचीत ठेवली आहे. नोटीस मिळाली की युनियन, आणि युनियन नसेल तर कामगारांचे प्रतिनिधी, त्या २१ दिवसांत लेखी हरकत घेऊ शकतात आणि तोडजोड अधिकाऱ्याकडे जाऊ शकतात.